लिनक्स : गाभ्याचे नूतनीकरण व पॅकेज-व्यवस्थापन

लिनक्स ही संगणकाची एक मुक्त परिचालन प्रणाली होय. काटेकोर अर्थाने हे नाव त्या प्रणालीच्या केवळ गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे आहे. परंतु व्यवहारात गाभा, त्याभोवतीची साधने, अनेक आज्ञावलींना सामायिकपणे लागणाऱ्या लायब्रऱ्या, टंक आणि पडद्यावरील चित्रमय पृष्ठभाग या साऱ्यांच्या समुच्चयासही लिनक्स असेच म्हणतात. प्रक्रियकाचा वेळ व स्मृती यांची वाटणी करणे आणि कळफलक, तबकडी, मुद्रक इ. उपकरणांशी बोलणे ही कामे गाभ्याची. बाकीची सर्व कामे गाभ्याबाहेरील आज्ञावली करतात व त्या वापरकर्त्यापर्यंत ‘पॅकेज’ या रूपात येतात. आज्ञावलीच्या फायली, आवृत्तीचा क्रमांक, तिला लागणाऱ्या अन्य पॅकेजांची यादी आणि स्थापनेच्या सूचना एकत्र बांधल्या म्हणजे पॅकेज तयार होते. गाभाही अशाच एका पॅकेजातून येतो. म्हणून गाभ्याचे नूतनीकरण आणि पॅकेज-व्यवस्थापन या विषयांचा इतिहास वेगळा करून सांगता येत नाही. [⟶ संगणक].

लिनक्सची रचना समजण्यास मराठवाड्यातील वाचकास परिचित असलेले एक उदाहरण उपयोगी पडते. परभणी येथील कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२; २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) एखादा नवा वाण तयार होतो; भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा १९८५ साली प्रसारित झालेला, पिवळ्या शिरांच्या केवडा रोगास प्रतिकार करणारा वाण त्यांपैकीच एक. परंतु पैदासकाराच्या हातचे बियाणे थेट शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे असे ते टप्प्याटप्प्याने वाढविले जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर पिशवीला वेगळ्या रंगाची खूणचिठ्ठी लागते : पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी, पायाभूतास पांढरी, प्रमाणितास निळी. अकोल्याच्या महाबीजसारख्या संस्था (स्थापना १९७६) या मधल्या टप्प्यांत काम करतात. लिनक्समध्ये मूळ आज्ञावली लिहिणारे विकासक हे पैदासकाराच्या जागी असतात. त्यांची आज्ञावली घेऊन तपासणारी, बांधणारी व वाटणारी डेबियन, फेडोरा, उबुंटू यांसारखी वितरणे मधल्या टप्प्यांवर असतात, आणि खूणचिठ्ठीचे काम अंकीय स्वाक्षरी करते. संगणकावरील पॅकेज-व्यवस्थापक ही स्वाक्षरी पडताळल्याखेरीज पॅकेज स्वीकारत नाही. साम्य येथेच संपते, कारण बियाणे दरवर्षी नवे घेतले नाही तर फार तर उत्पन्न घटते. गाभा वेळीच बदलला नाही तर यंत्र परक्याच्या ताब्यात जाऊ शकते, आणि घाईने बदलला तर ते सुरूच होत नाही. या दोन भयांमध्ये तोल साधण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत विषयाचा इतिहास होय.

गाभा : बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीच्या धर्तीवर, परंतु कोणासही वापरता, पाहता व बदलता येईल अशी प्रणाली उभारण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केला. ग्नू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पाची बहुतेक साधने तयार झाली, तरी गाभा रखडला. ती उणीव हेल्सिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी भरून काढली. इंटेल ३८६ प्रक्रियकाच्या आपल्या संगणकासाठी छंद म्हणून लिहिलेल्या गाभ्याची वार्ता त्यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी प्रसृत केली. १९९२ च्या आरंभी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आला व १४ मार्च १९९४ रोजी त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर २.० (१९९६), २.२ (१९९९), २.४ (२००१) आणि २.६ (डिसेंबर २००३) या आवृत्त्या आल्या. या काळात आवृत्तीक्रमांकातील दुसरा अंक सम असल्यास ती आवृत्ती स्थिर व विषम असल्यास प्रायोगिक समजण्याचा संकेत होता. दोन स्थिर आवृत्त्यांत दोनतीन वर्षांचे अंतर पडे व त्यामुळे नवे उपकरण घेणाऱ्यास फार काळ वाट पाहावी लागे. २.६ नंतर हा संकेत सोडण्यात आला. दर नऊदहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याची प्रथा पडली व २००५ पासून प्रत्येक आवृत्तीस किरकोळ दुरुस्त्या पुरविणारी स्वतंत्र शाखाही सुरू झाली. पुढील ३.० (२०११), ४.० (२०१५), ५.० (२०१९) व ६.० (२०२२) हे क्रमांक केवळ सोयीचे आहेत. त्यांमागे मूलगामी बदल शोधू नये.

गाभ्याच्या नूतनीकरणासंबंधी एक गोष्ट नेहमी गैरसमजास कारण होते. गाभा व बाहेरील आज्ञावली यांच्यातील करार टोरव्हाल्ड्स यांनी अत्यंत कटाक्षाने पाळला आहे : जुन्या गाभ्यावर चालणारी आज्ञावली नव्यावरही चाललीच पाहिजे. गाभ्याच्या अंतर्भागातील करार मात्र हेतुतः अस्थिर ठेवला आहे. उपकरण चालविणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, गाभ्याच्या मूळ संहितेत समाविष्ट असेल, तर अंतर्गत बदल करणाराच त्यातही बदल करतो. तो बाहेर, एखाद्या कंपनीच्या खाजगी कपाटात असेल, तर प्रत्येक नव्या गाभ्याबरोबर तो पुन्हा जुळवावा लागतो. नूतनीकरणानंतर पडदा काळा राहिला किंवा बिनतारी जोडणी नाहीशी झाली, तर दोष बहुधा अशा बाहेरच्या ड्रायव्हरचा असतो. डेल कंपनीने २००३ च्या सुमारास विकसित केलेली डीकेएमएस ही व्यवस्था असे ड्रायव्हर प्रत्येक नव्या गाभ्यासाठी आपोआप पुन्हा बांधते. तिने त्रास कमी झाला, संपला नाही.

पॅकेज : आरंभीच्या काळात लिनक्स वापरणे म्हणजे मूळ संहिता मिळवून ती स्वतः बांधणे असे. १९९३ मध्ये स्लॅकवेअर व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी घोषित केलेले डेबियन ही वितरणे निघाली. स्लॅकवेअरची पॅकेजे साध्या गाठोड्यांसारखी होती. कोणते गाठोडे कशावर अवलंबून आहे याची नोंद त्यांत नसे. डेबियनच्या डीपीकेजी व रेड हॅटच्या आरपीएम (१९९५) या साधनांनी ती नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. आता ‘अमुक लायब्ररी नाही, सबब स्थापना करता येत नाही’ असे यंत्र सांगू लागले. परंतु ती लायब्ररी कोठून आणावी हे ते सांगत नसे. एक पॅकेज आणावे तर त्यास दुसरे हवे, दुसऱ्यास तिसरे, आणि तिसऱ्यास पहिल्याचीच जुनी आवृत्ती, अशी साखळी वापरकर्त्यास हैराण करी. १९९७-९८ मध्ये सी भाषेची मूळ लायब्ररी बदलली तेव्हा हा प्रश्न विकोपास गेला. तीवर जवळजवळ प्रत्येक आज्ञावली अवलंबून असल्याने जुन्या व नव्या पॅकेजांची सरमिसळ करणाऱ्यांची यंत्रे निकामी झाली. डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर मार्च १९९९ मध्ये आलेल्या ॲप्ट या साधनाने यावर खरा उपाय दिला. भांडारातील सर्व पॅकेजांची अनुक्रमणिका आधी आणावयाची, अवलंबित्वाचा हिशेब यंत्रानेच करावयाचा आणि लागतील तेवढी सर्व पॅकेजे योग्य क्रमाने आणून बसवावयाची, ही त्यामागील कल्पना होय. आरपीएमच्या जगात हेच काम ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेल्या यम या साधनाने केले. २०१५ मध्ये फेडोराच्या २२ व्या आवृत्तीत त्याची जागा डीएनएफने घेतली. भ्रमणध्वनीवर एका स्पर्शाने आज्ञावली उतरवून घेणाऱ्या आजच्या वाचकास यात विशेष वाटणार नाही. पण एकाच विश्वासार्ह भांडारातून सर्व आज्ञावली घेण्याची ही पद्धत लिनक्सच्या वापरकर्त्यांत भ्रमणध्वनीवरील दुकानांच्या कितीतरी आधी रुळली होती.

भारतातील जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र ही सोय बराच काळ कागदावरच राहिली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली आणि ती लहान शहरांत पोचली तेव्हाही दूरध्वनीच्या तारेवरून शेकडो मेगाबाइटांचे भांडार उतरविणे अशक्यप्राय होते. लिनक्स आले ते तबकडीवरून. पीसी क्वेस्ट या मासिकाने १९९० नंतरच्या दशकात आपल्या अंकांबरोबर लिनक्सच्या तबकड्या वाटल्या. फेब्रुवारी २००३ पासून निघालेल्या लिनक्स फॉर यू या मासिकानेही तोच पायंडा पाळला. ऑक्टोबर २००४ मध्ये अवतरलेल्या उबुंटूच्या तबकड्या मागणी नोंदविणाऱ्यास टपालाने विनामूल्य घरपोच येत. ही योजना २०११ मध्ये बंद झाली. तबकडीवरचे लिनक्स ज्या दिवशी हाती येई त्या दिवशीच ते काही महिन्यांनी जुने झालेले असे. त्यातच त्या काळच्या स्वस्त संगणकांतील अंतर्गत मोडेमांचे ड्रायव्हर एका विशिष्ट गाभ्यासाठीच बांधलेले असत. गाभा बदलला की मोडेम मुके होई, आणि नवा ड्रायव्हर आणावयाचा तर तो मोडेमवरूनच. या चक्रात सापडून लिनक्सचा नाद सोडणारे थोडे नव्हते.

दुसरी अडचण विजेची. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः मराठवाडा व विदर्भात, दीर्घ भारनियमन होते. पॅकेज बसविले जात असतानाच वीज गेली, तर काय होते? येथे दोन जुन्या सुधारणा कामास आल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये गाभ्याच्या २.४.१५ या आवृत्तीत समाविष्ट झालेली ईएक्सटी३ ही फाइल-व्यवस्था प्रत्येक बदल आधी रोजनाम्यात टिपून मग अमलात आणते. त्यामुळे अचानक बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करताना संपूर्ण तबकडी तपासण्याची गरज उरली नाही. डीपीकेजीनेही प्रत्येक पॅकेज उलगडले गेले आहे की पूर्णपणे बसविले गेले आहे याची स्वतंत्र नोंद ठेवली असल्याने राहिलेले काम एका आज्ञेने पुढे चालू करता येते. ज्या यंत्रांना जोडणीच नाही, त्यांच्यासाठी भारतीय डेबियन-विकासक रितेश राज सर्राफ यांनी ॲप्ट-ऑफलाइन हे साधन लिहिले. घरच्या यंत्रावर हव्या असलेल्या पॅकेजांची यादी तयार करावयाची, ती जोडणी असलेल्या दुसऱ्या यंत्रावर नेऊन पॅकेजे उतरवून घ्यावयाची व परत आणून बसवावयाची, अशी ही तीन पायऱ्यांची रीत आहे. तालुक्याच्या गावी राहून शहरातल्या मित्राच्या संगणकाचा आधार घेणाऱ्यास तिचे मोल निराळे सांगावयास नको.

मराठी व लिनक्स : लिनक्सवर मराठी कोणत्या थरात बसवावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला, तरी त्याच्या उत्तरावर मराठी वापरकर्त्याचे भवितव्य अवलंबून होते. देवनागरीची सोय गाभ्यात नाही. ती पॅकेजांत आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतन (भारतीय मानक १३१९४ : १९९१) व इन्स्क्रिप्ट हा कळफलक (१९८६) आधीच सिद्ध होते, आणि युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. तथापि संकेतन म्हणजे लेखन नव्हे. ‘क्ष’ किंवा ‘र्म’ पडद्यावर उमटावयाचे, तर संकेतांच्या क्रमापासून जोडाक्षराचा आकार ठरविणारी यंत्रणा लागते. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्राने (२००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन) इंडिक्स या प्रकल्पात ही यंत्रणा पडद्याचे चित्रण करणाऱ्या एक्स प्रणालीतच बसविण्याचा मार्ग चोखाळला. दुसरा मार्ग होता तो पँगो व पुढे हार्फबझ यांसारख्या स्वतंत्र लायब्रऱ्यांचा. आज सर्वत्र रूढ आहे तो हाच. या निवडीमागील कारण नूतनीकरणाच्या संदर्भात स्पष्ट होते. खोलच्या थरात केलेला आणि मूळ प्रवाहात न मिसळलेला बदल प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा रोवावा लागतो; स्वतंत्र लायब्ररी मात्र एका पॅकेजाच्या रूपात केव्हाही सुधारून पाठविता येते.

ही सुधारणा केवळ शोभेची नसते. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोलगट भाग. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला व ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. हिंदीस या दुसऱ्या, आडव्या रकाराची गरज नसल्याने केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या टंकांत व लायब्रऱ्यांत तो चुकत असे. ही चूक दुरुस्त झालेली लायब्ररी व टंक पॅकेजांतून घरोघरी पोचेपर्यंत मराठी मजकुरात आचार्य व आचारी यांचा गोंधळ अटळ होता. टंकांच्या बाबतीत पुण्याचा वाटा मोठा आहे. मराठी मुद्रणालयांत सर्वपरिचित असलेल्या श्रीलिपी या आज्ञावलीच्या निर्मात्या मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या संस्थेनेच लोहित या टंकमालेचे मूळ आरेखन केले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये पहिले लोहित टंक मुक्त परवान्याखाली खुले केले, पुढे लोहित मराठी हे स्वतंत्र पॅकेजही फेडोरात आले आणि २०११ मध्ये ही टंकमाला मुक्त टंक परवान्याखाली आली. श्रीलिपी विकत घ्यावी लागे व ती विंडोजवर चाले. त्याच घराण्यातील लोहित मात्र लिनक्सबरोबर विनामूल्य येते, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. गेनोम व केडीई या पृष्ठभागांचे मराठी भाषांतरही बऱ्याच प्रमाणात झाले आणि त्यात रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील भाषांतरकारांचे काम विशेष आहे.

मराठी वाचकास फारसे ठाऊक नसलेले काम मुंबईत झाले. सी-डॅकच्या मुंबई केंद्रातील जनभारती या प्रकल्पाने डीपीकेजी व ॲप्ट या साधनांचे संदेश मराठीत आणले, आणि डेबियनच्या ५.० या आवृत्तीपासून (फेब्रुवारी २००९) डेबियनची स्थापना मराठीतून करणे शक्य झाले. पॅकेज कशावर अवलंबून आहे, कोणते काढले जाणार, तबकडीवर किती जागा लागणार, हे यंत्र मराठीत विचारू लागले. भाषांतरे काही ठिकाणी अवघडलेली आहेत. परंतु यंत्राच्या अंतर्गत व्यवहाराची परिभाषा मराठीत घडविण्याचा इतका सलग प्रयत्न त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. पॅकेज-व्यवस्थापकाचे भाषांतर करणाऱ्यास वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळत नाही, हे खेदजनक आहे. केंद्र शासनाच्या पुढाकाराने सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेले बॉस हे डेबियनवर आधारलेले भारतीय वितरणही मराठीसह अनेक भाषा पुरविते, आणि शासकीय कामात मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्रात मात्र २००१ मध्ये सुरू झालेल्या व गावोगाव पोचलेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने प्रामुख्याने विंडोजचीच ओळख करून दिली. संगणकसाक्षर झालेल्या बहुसंख्य मराठी तरुणांस पॅकेज-व्यवस्थापक ही वस्तू पाहावयास मिळाली नाही.

मराठीची ही सारी सोय एका मर्यादेपाशी थांबते. गाभ्याचा स्वतःचा जो मजकुरी पडदा आहे, त्यावर एका वेळी फार तर ५१२ चिन्हे वापरता येतात व जोडाक्षरे घडविण्याची यंत्रणा तेथे नाही. यामुळेच डेबियनची मराठी स्थापना केवळ चित्रमय स्वरूपात उपलब्ध झाली. एप्रिल २००७ च्या ४.० या आवृत्तीत तो चित्रमय स्थापक आला नसता, तर मराठीस तेथे प्रवेशच नव्हता. शिवाय गाभ्याचे संदेश कोणत्याच भाषेत भाषांतरित केले जात नाहीत. जगभरच्या विकासकांनी एकच संदेश शोधून दोष ओळखावा यासाठी ते इंग्रजीत ठेवणे तांत्रिक दृष्ट्या समर्थनीय आहे. तरी परिणाम असा होतो, की यंत्र सुरळीत असेपर्यंत ते मराठी बोलते आणि नूतनीकरण फसून मदतीची खरी निकड निर्माण झाली, की नेमके त्याच क्षणी ते इंग्रजीवर येते. इंग्रजी ज्यास परकी, त्याच्याच यंत्राची दुरुस्ती दुसऱ्याच्या हाती जाते. गाभ्यात मराठी घालून हा प्रश्न सुटणार नाही; त्यासाठी दुरुस्तीच्या मराठी पुस्तिका हव्यात व त्या छापील असाव्यात, कारण त्यांची गरज पडते तेव्हा पडदा उपलब्ध नसतो.

अशा प्रसंगी वापरकर्त्यास तारणारी एक साधी तरतूद बहुतेक वितरणांत आहे. नवा गाभा जुन्याच्या जागी न बसता त्याच्या शेजारी बसतो, कारण गाभ्याच्या पॅकेजाच्या नावात किंवा नोंदीत आवृत्तीचा क्रमांक असतो आणि दोन क्रमांक ही दोन वेगळी पॅकेजे ठरतात. फेडोरा सामान्यतः शेवटचे तीन गाभे राखून ठेवते. यंत्र सुरू होताना ग्रब या प्रारंभकाच्या यादीतून जुना गाभा निवडला, की कालपर्यंत चालणारे यंत्र पुन्हा चालू होते. ही यादी अनेक वितरणे आता लपवून ठेवतात. नवशिक्यास ती भिववते हे खरे, पण तीच त्याची सुटकेची वाट आहे. जुने गाभे मुळीच न काढल्यास मात्र प्रारंभासाठी राखलेला तबकडीचा लहानसा विभाग भरून जातो व पुढचे नूतनीकरण अर्ध्यावर अडते. अनुभवी वापरकर्ते एक चालता व एक आधीचा असे दोन गाभे ठेवून बाकीचे पॅकेज-व्यवस्थापकाकडूनच काढवितात. फायली हाताने पुसल्यास व्यवस्थापकाची नोंद व वस्तुस्थिती यांत फरक पडून नवी अडचण उभी राहते.

सुरक्षा : नूतनीकरण टाळणे हा उपाय का नव्हे, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये दिसून आले. स्मृतीच्या व्यवस्थापनातील ‘डर्टी काऊ’ या नावाने गाजलेला दोष त्या महिन्यात दुरुस्त झाला. तो २००७ पासून गाभ्यात होता व त्यामुळे सामान्य वापरकर्त्यास यंत्राचे सर्वाधिकार बळकावता येत होते. मधल्या टप्प्यावरही दोष शिरू शकतो. डेबियनच्या एका देखभालकर्त्याने सप्टेंबर २००६ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिक लायब्ररीत केलेल्या बदलामुळे गुप्त किल्ल्यांची यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली आणि एका प्रकारच्या किल्ल्या सु. ३२ हजार शक्यतांपुरत्याच मर्यादित झाल्या. १३ मे २००८ रोजी हे उघड होईपर्यंत ते पॅकेज यथाविधी स्वाक्षरी होऊनच वाटले जात होते. खूणचिठ्ठी पिशवी कोणाकडून आली ते सांगते, आतले बियाणे निर्दोष असल्याची हमी ती देत नाही. याहून गंभीर प्रकार मार्च २०२४ मध्ये झाला. एक्सझेड या दाब-आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, वर्षानुवर्षे मदत करून विश्वास संपादन केलेल्या एका सहदेखभालकर्त्याने चोरवाट पेरली होती. दूरस्थ प्रवेशास लागणारा सु. अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ खटकल्याने आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला व २९ मार्च रोजी तो प्रसिद्ध केला. डेबियनच्या प्रायोगिक शाखेत हे पॅकेज पोचले होते. स्थिर शाखेत पोचले नव्हते. ‘जुनाट’ म्हणून हिणविल्या जाणाऱ्या स्थिर शाखेच्या संथपणाने त्या खेपेस अनेकांना वाचविले.

पॅकेजांऐवजी संपूर्ण प्रणालीची एकच प्रतिमा बदलण्याची पद्धतही प्रचारात आहे व तिचा एक प्रारंभीचा प्रयोग महाराष्ट्राशी निगडित आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या प्रकल्पातील यंत्रे देण्यात आली. या यंत्रांची प्रणाली फेडोरावर आधारलेली होती. परंतु मुलांच्या हातच्या यंत्रात पॅकेजांची निवड करीत बसणे व्यवहार्य नसल्याने नूतनीकरणात संपूर्ण प्रतिमाच बदलली जाई व बिघाड झाल्यास आधीची परत आणता येई. फेडोराच्या सिल्व्हरब्लू (२०१८) या प्रकारात हेच तत्त्व अधिक विकसित रूपात आढळते. त्याच सुमारास स्थिरावलेल्या फ्लॅटपॅक व स्नॅप या पद्धतींत आज्ञावली आपल्या लायब्रऱ्या बरोबर घेऊन येते. अवलंबित्वाची साखळी तुटते, पण प्रत्येक आज्ञावलीचा आकार वाढतो, आणि जोडणी मंद असलेल्या ठिकाणी हा व्यवहार महाग पडतो.

यंत्राचे आयुष्य कोणी ठरवावे, हा प्रश्न अलीकडे पुन्हा पुढे आला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चकती नसलेले असंख्य चालते संगणक अडगळीत जाण्याची वेळ आली. त्यांतील बहुतेकांवर लिनक्स चालते. शाळा व लहान कचेऱ्यांच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. परंतु लिनक्सही वयाकडे अगदीच काणाडोळा करीत नाही. ज्या ३८६ प्रक्रियकावर ते जन्मले, त्याचा आधार २०१३ मध्ये ३.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. बत्तीस-बिटी डेस्कटॉप संगणकांसाठी फेडोराने २०१९ पासून गाभा देणे थांबविले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही अशा यंत्रांसाठी गाभ्याचे पॅकेज वा स्थापक उरला नाही. मूळ गाभा बत्तीस-बिटी प्रक्रियकांवर अजूनही बांधता येतो. अनेक प्रमुख वितरणांनी मात्र ते काम सोडले आहे. अशा यंत्राच्या मालकास आधार देणारे वितरण मिळाले नाही, तर १९९३ पूर्वीच्या पद्धतीकडे, म्हणजे मूळ संहिता आणून गाभा स्वतः बांधण्याकडे वळावे लागते. एका जुन्या यंत्रावर त्यास कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ वीज टिकावी लागते.